साखळी प्रार्थना

बायको गेल्याचं सुभाष आढावला शहाळेवाल्यासमोर कळलं. वाशीला, हॉस्पिटलच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर तो उभा होता. खारघरला घरी जाऊन, आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून तो बसने परत आला होता, आणि डॉक्टरांनी शहाळ्याचं पाणी चालेल म्हटलं होतं म्हणून वैजयंतीसाठी ते घेत होता. "मलाईवाला की पानीवाला?" शहाळेवाल्याने विचारलं. "पाणीवालं. बाटलीत भरून दे." शहाळेवाल्याने दोन-तीन घावांत शहाळ्याचं तोंड उडवलं आणि बाटलीवर गाळणी धरली. स्कॅन करायला म्हणून सुभाषने मोबाईल काढला, तेव्हा चर्चच्या मंडळीचा ग्रुप सगळ्यात वर आलेला दिसला. तो ग्रुप त्याने कधीचाच म्यूट करून ठेवला होता. पहाटेपासून त्याच्यावर गुलाबाच्या फुलांवर लिहिलेली वचनं यायची आणि प्रत्येक वचनाखाली जो तो आमेन टाकायचा. आताही खाली आमेनच होते, जोडलेले हात होते, रडके चेहरे होते. त्याने बोटाने वर सरकवत नेलं. उज्वलाचा मेसेज होता, 'वैजूताईंचा श्वास बदललाय. सगळ्यांनी आहात तिथे प्रार्थनेला लागा.' बऱ्याच आमेननंतर पुन्हा उज्वलाचाच, 'वैजूताई प्रभूमध्ये विसावल्या.' या दोन मेसेजांच्या मधे त्याची बस सानपाड्याच्या आसपास कुठेतरी असणार. "क्या हुआ, नेटवर्क नही है क्या?" शहाळेवाला म्हणाला. सुभाषने स्कॅन केलं. पैसे आल्याचं गाडीवरच्या छोट्या डबीने मोठ्याने सांगितलं. मग त्याने बाटली हातात घेतली, झाकण घट्ट बसलंय ना ते पाहिलं, आणि मग तो चालायला लागला. पुढे कित्येक दिवस त्याला याचंच नवल वाटत राहिलं, की आपण झाकण पाहिलं.

फाटकाशी मंडळीतले चार-पाच जण आधीच पोचले होते. मंडळीचा सेक्रेटरी रूपेश हेल्मेट काखेत धरून रडत होता. त्याने पुढे येऊन सुभाषला मिठी मारली, आणि त्या मिठीत सुभाषच्या मनात एकच गोष्ट आली, की हा घणसोलीहून इथे येऊन पोचला, रडून झाला, आणि मी अजून रस्त्यातच होतो. वर वॉर्डात उज्वला स्टुलावर बसली होती. ती त्याच हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर नर्स होती. रात्रपाळी संपली की घरी जायच्या आधी ती तासभर वैजयंतीपाशी येऊन बसायची. सकाळी तिनेच सुभाषला उठवलं होतं, "भाऊ, घरी जाऊन या, आंघोळ करा, मी आहे ना." आणि तो गेला होता. खरं सांगायचं तर सुटल्यासारखा गेला होता. हॉस्पिटलच्या बाहेर आल्यावर ऊन अंगावर आलं तेव्हा त्याला बरं वाटलं होतं, बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तेव्हाही बरं वाटलं होतं. आता वैजयंतीच्या अंगावरची चादर सारखी केलेली होती. केस विंचरलेले होते. कोणी विंचरले ते विचारायची गरज नव्हती, कंगवा उज्वलाच्या मांडीवर होता. "फोन का नाही केलास मला?" त्याने विचारलं. उज्वलाने वर पाहिलं. रात्रभर जागलेल्या माणसाचे डोळे होते. ती म्हणाली, "भाऊ, ग्रुपवर टाकलं ना लगेच." ती खोटं बोलत नव्हती, सबबही सांगत नव्हती. तिला खरोखरच वाटलं होतं की कळवलं.

त्यांच्या मंडळीत ती रीतच होती. कोणाच्या घरी काही झालं, अपघात, ऑपरेशन, मुलाचा इंटरव्ह्यू, की आधी ग्रुपवर टाकायचं, आणि ज्याने वाचलं त्याने हातातलं काम ठेवून तिथल्या तिथे डोळे मिटायचे. ही रीत वैजयंतीनेच घालून दिली होती. "डॉक्टर यायला वेळ लागतो, रिक्षा मिळायला वेळ लागतो, प्रार्थनेला काय लागतं?" असं ती म्हणायची. भाजी निवडता निवडता तिचा फोन वाजायचा, ती विळी बाजूला सारून तिथेच, ओट्याशी, डोळे मिटून उभी राहायची, आणि सुभाष बाहेरून विचारायचा, "आता कोणाचं काय?" तर ती डोळे न उघडता हाताने गप्प बसा म्हणायची. तिची प्रार्थना ऐकायला मात्र त्याला आवडायचं. पाळकसाहेबांच्या प्रार्थनेत मोठमोठे शब्द असत. वैजयंती म्हणजे वॉर्ड ऑफिसात ओळखीच्या माणसाशी बोलतो तशी देवाशी बोलायची. "प्रभू, खालच्या सोनवणेंच्या पाण्याचं बघ, आठ दिवस झाले. आणि त्यांच्या सुनेचंही बघ, ती बोलत नाही पण तिचं काहीतरी आहे." रोज संध्याकाळी सातच्या बातम्यांनंतर ती अशी बोलत राहायची आणि सुभाष मान खाली घालून बसलेला असायचा. कामावरची, कंटेनर यार्डातली पायपीट अंगात भरलेली असायची. मधेच कुठेतरी तो म्हणायचा, "आमेन." ती हसायची. "अहो, मी अजून संपवलं नाही. झोपला होतात ना?"

लग्नानंतर आयुष्यभर घरात मोठ्याने प्रार्थना तिनेच केली. सुभाषला ते जमत नसे. शेवगावकडच्या त्याच्या गावात त्याचे वडील चर्चचे पंच होते. नगरहून चर्चचे मोठे साहेब आले की वडील त्याला पुढे उभा करायचे, "आमचा सुभाष प्रार्थना करील." एकदा तो 'हे आमच्या स्वर्गातील बापा' एवढं म्हणून जो थांबला तो थांबलाच. बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती, सगळे डोळे मिटून वाट पाहत होते, आणि मग एक बाई फिसकन हसली. त्यानंतर जी जीभ आत गेली ती गेली. लग्न होऊन मुंबईकडे आला, नोकरी लागली, खारघरला फ्लॅट झाला, मुलगी श्रुती शिकून पुण्याला नोकरीला गेली, पण घरगुती सभेत साखळी प्रार्थना सुरू झाली की त्याच्या तळहाताला अजूनही घाम यायचा. सगळे सतरंजीवर गोल करून बसायचे, शेजारच्याचा हात हातात घ्यायचे, आणि एकेकाने क्रमाने प्रार्थना करायची. ज्याला बोलायचं नसेल त्याने काही न बोलता डाव्या हाताच्या माणसाचा हात दाबायचा, म्हणजे पाळी पुढे जाते. कोणी नाव ठेवत नाही. वैजयंती नेहमी त्याच्या डावीकडे बसायची. पाळी आली की तो तिचा हात दाबायचा, आणि ती त्याच्या गप्प बसण्याला जोडूनच बोलायला लागायची, जणू दोघांचं मिळून एकच. ती आजारी पडल्यावर, पोटाच्या आजाराचं निदान झाल्यावर, सभा त्यांच्याच घरी भरायला लागल्या. तेव्हाही तो हातच दाबायचा. फक्त तो हात हलका होत गेलेला त्याला कळायचा. एकदा सगळे गेल्यावर ती म्हणाली होती, "अहो, माझ्यानंतर कोणाचा हात दाबणार?" "काहीतरी बोलू नकोस." "काहीतरी नाही. विचारतेय." तो उठून कप विसळायला गेला होता.

दफनाच्या दिवशी त्याने जे केलं ते सगळ्यांनी पाहिलं. पेटी खाली उतरवून झाली होती. पाळकसाहेबांनी माती टाकली, मग त्याने, मग श्रुतीने, मग नातेवाईक. रांगेत उज्वलाही होती. पांढरी साडी, हातात मूठभर माती. ती वाकणार तेवढ्यात सुभाष म्हणाला, "तुम्ही कशाला त्रास घेता? तुम्ही तर आधीच सगळ्या गावाला सांगून मोकळ्या झालात." आवाज चढलेला नव्हता. कबरस्तानात इतकी शांतता होती की चढवायची गरज पडली नाही. उज्वलाची मूठ तशीच राहिली. तिला ती माती कबरीत टाकता येईना आणि खालीही टाकता येईना. शेवटी ती मूठ घेऊनच मागे सरली. त्याला तेव्हा हलकं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी नीट झाल्यासारखं.

ते हलकेपण दुसऱ्या दिवशीपर्यंतही टिकलं नाही. पण राग टिकला, आणि राग उपयोगी होता. सकाळी डोळा उघडला की शेजारची रिकामी उशी दिसायच्या आधी तो राग हाताला लागायचा. त्याला धरून उठता यायचं. दात घासताना तो उज्वलाशी भांडायचा. तिचा मोबाईल हातात होता, बोटं ग्रुपवर चालली, तीच बोटं माझ्या नावावर चालली असती तर मी रिक्षा केली असती, ड्रायव्हरला सांगितलं असतं, मोडले असते सगळे सिग्नल. पोचलो असतो का? नसतो पोचलो. पण फोन कानाला लावून ठेवता आला असता तिच्या. ती माझा आवाज ऐकत गेली असती. इथवर आलं की मात्र भांडण अडायचं, कारण पुढचा प्रश्न तयारच असायचा, काय बोलला असतास तू फोनवर? तेव्हा तो चूळ भरायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा. नाताळला त्याने गॅलरीत चांदणी लावली नाही. श्रुती आली होती, तिने माळ्यावरून काढलीही होती. "पप्पा, मम्मीला आवडलं असतं." "तुझ्या मम्मीला काय आवडलं असतं ते आता सगळ्यांनाच कळायला लागलंय." श्रुतीने चांदणी पुन्हा वर टाकली आणि सुट्टी संपायच्या आधीच पुण्याला गेली. रविवारी तो चर्चला जायचा, कारण न गेला असता तर लोक घरी आले असते. प्रभुभोजनाचं तबक रांगेतून यायचं, तो ते शेजारच्याकडे सरकवायचा. मनात आकस असताना घेऊ नये हे लहानपणापासून माहीत होतं, आणि आकस सोडायचा नव्हता. सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायचे तेव्हा तो म्हणायचा, पण क्षमेच्या ओळीपाशी त्याचे ओठ मिटायचे. पुढच्या ओळीला पुन्हा उघडायचे. एवढ्या आवाजात कोणाला कळणार होतं? एका ओळीपुरता बंद पडलेला माणूस. यार्डात असा एखादा थंड कंटेनर असतो, बाहेरून सगळं ठीक, दिवा हिरवा, आणि आत एकाच कोपऱ्यात गारवा पोचत नाही.

यार्ड जासईच्या पुढे होतं. सुभाष तिथे थंड कंटेनरांचा इलेक्ट्रिशियन होता. मासळी, द्राक्षं, औषधं भरलेले कंटेनर रांगेने प्लगला लावलेले असायचे, त्याने दिवसभर रांगांमधून फिरत प्रत्येकाचं तापमान पाहायचं. कुठे काही बिघडलं तर पहिला नियम, आधी वॉकी-टॉकीवर सांगायचं, मग हात लावायचा. कारण हात लावताना तुलाच शॉक बसला तर मागे कोणाला पत्ता नको का? इतक्या वर्षांत तो नियम त्याच्या अंगठ्यात मुरला होता. फेब्रुवारी संपत आला होता. दुपारी त्याच्या हाताखालचा कुंदन शिडीवरून वरच्या कंटेनरचा प्लग काढत होता, आणि शिडीचा पाय सरकला. कुंदन पाठीवर पडला आणि हलेना. सुभाष वीस पावलांवर होता. त्याने वॉकीचं बटण दाबलं, "कंट्रोल, चार नंबर लाइन, कुंदन शिडीवरून पडला, हालचाल नाही." आणि मग तो धावला. कुंदनचा मोठा भाऊ शिवा गेटवर सिक्युरिटीला होता, त्याच्याही कमरेला वॉकी होती, हे सुभाषला माहीत होतं. पण त्या क्षणी ते डोक्यात आलं नाही. शिवा एका पायात चप्पल घालून धावत आला तोवर कुंदन उठून बसला होता. मनगट मोडलं होतं, दम कोंडला होता, एवढंच. शिवाने भावाला पाहिलं, आणि मग तो सुभाषवर आला. "काका, असा बोलतान का वॉकीवर? हालचाल नाय म्हने! गेटवर डायवर लोकांची लाइन, त्यांच्या मधी उभा राहून आयकला मी! भाऊ हाय माजा तो!" त्याचे ओठ पांढरे पडले होते. खालून कुंदन म्हणाला, "मेलो नाय ना मी. त्याला कशाला ओरडतोस?" "तू गप बस रं!" शिवा खेकसला. सुभाष म्हणाला, "शिवा, नियम आहे तो. आधी कळवायचं." आणि बोलता बोलता त्याला आपलाच आवाज ऐकू आला. आवाज त्याचा होता, पण बोलणं ऐकलेलं होतं. स्टुलावर बसून, मांडीवर कंगवा ठेवून, कोणीतरी हेच म्हणालं होतं. ॲम्ब्युलन्स येऊन कुंदनला घेऊन गेली. शिवा निघताना परत आला आणि सुभाषच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रागावू नको काका. डोस्का फिरला माजा." सुभाष मान हलवून बरं म्हणाला. मग दोन रांगांच्या मधल्या सावलीत जाऊन उकिडवा बसला. पंखे घोंघावत होते. कुंदन जिवंत आहे म्हणून शिवाला एवढ्या लवकर राग सोडता आला, हे त्याला समजत होतं. दोन्ही गोष्टी सारख्या नव्हत्या. तरी वॉकी हातात जड लागत होता, आणि तो कमरेला परत अडकवायला त्याला बराच वेळ लागला.

त्याच आठवड्यात गोजरामावशी आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, नेरुळहून बस बदलून येणाऱ्या, मूळच्या नगरच्याच. ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी कोणाच्या घरी सभा हे त्या ठरवत. "सलाम. दार उघडायला इतका वेळ? मला वाटलं तूही गेलास की काय."

"बसा मावशी. चहा टाकतो."

"तू नको टाकूस, तुझा चहा म्हणजे तांबडं पाणी. वैजू लपून ओतून द्यायची बेसिनात, तुला माहीत नाही." त्या आत गेल्या, डबे हुडकत तिथूनच बोलत राहिल्या. "दुसरा शुक्रवार वैजूचा असायचा. यंदा तुझा."

"मला नाही जमणार."

"तुला जमव कोण म्हणतंय? दार उघड आणि सतरंजी टाक. बाकी लोक येतात, बसतात, जातात." त्या दोन कप घेऊन आल्या. "आणि उज्वलाला तू सांगशील की मी सांगू?"

सुभाषने कप उचलून तोंडाला लावला.

"नाताळापासून ती चर्चला नाही. ड्यूटी आहे म्हणते. इतक्या रविवारची ड्यूटी? अरे, आजारी लोकसुद्धा रविवारी जरा कमी मरतात."

"मी तिला येऊ नको म्हटलेलं नाही."

"नाही नाही, तू काय म्हणालास ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मातीची मूठ घेऊन पोरगी माझ्या रिक्षात बसली. नेरुळपर्यंत मूठ उघडली नाही तिने."

हे त्याला माहीत नव्हतं. त्याने कप खाली ठेवला. "तिने मला फोन करायला पाहिजे होता मावशी."

"पाहिजे होता," मावशी म्हणाल्या. "चुकलंच तिचं."

सुभाषने त्यांच्याकडे पाहिलं. इतके महिने जो येईल तो हेच सांगत होता, देवाची योजना, तिच्या मनात तसं काही नव्हतं, गडबडीत होतं असं. प्रत्येक जण त्याच्या हातातला राग काढून घ्यायला बघत होता, म्हणून तो आणखी घट्ट धरत होता. चुकलं असं कोणीच म्हटलं नव्हतं. मावशींनी ते बशीत बिस्किट ठेवावं तसं समोर ठेवलं, आणि आता त्याला धरायला काही उरलं नाही.

"चुकली नसती तर क्षमा कशाची करायची होती?" मावशी म्हणाल्या. "न चुकलेल्या माणसाला कोणी क्षमा करतं का? त्याला नुसता नमस्कार करतात." चहा फुंकून त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, "वैजू शेवटी काय बोलली, कळलं का तुला?"

"बोलली होती?"

"उज्वलाला बोलली. ती मला सांगायला लागली तेव्हा मी तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, माझं नाही ते, ज्याचं आहे त्याला सांग. ती म्हणाली, ते माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत, कसं सांगू?" त्यांनी पदराने ओठ पुसले. "विचार की मग तिला. एवढं बायकोचं शेवटचं बोलणं दुसरीकडे पडून आहे, आणि तू इथे बसलायस रागावून."

मावशी गेल्यावर सुभाष गॅलरीत उभा राहिला. समोर खारघरचा डोंगर होता, खाली मैदानात पोरं ओरडत होती, मेट्रो वरून सरकत गेली. शेवटी ती बोलली होती. म्हणजे शुद्धीत होती. म्हणजे दाराकडे बघितलं असणार. त्याला आता नीट दिसलं की तो उज्वलाकडे बघत का नव्हता. तिच्याजवळ ते बोलणं होतं. त्यात आपलं नाव नसेल तर? देवाचं नाव घेऊन, श्रुतीचं नाव घेऊन, सोनवणेंच्या सुनेचं नाव घेऊन ती गेली असेल, तिच्या सवयीप्रमाणे, आणि आपण त्यात नसू. किंवा असू. 'अहो कुठे आहेत' असं विचारलं असेल. 'येतात' असं उज्वलाने सांगितलं असेल, आणि ती वाट बघत राहिली असेल, मी बसच्या खिडकीत वारा खात असताना. दोन्हींपैकी काहीही ऐकायची त्याची छाती नव्हती. त्यापेक्षा रागवून राहणं बरं होतं. रागावलेल्या माणसाला कोणी काही सांगायला येत नाही. हे कळल्यावर त्याला बरं वाटलं नाही. फक्त थकवा आला, वर्षानुवर्षं उचललेली वस्तू काय आहे ते उशिरा पाहिल्यासारखा.

शुक्रवारी त्याने दार उघडलं आणि सतरंजी टाकली. उज्वलाला त्याने फोन केला नव्हता. तीनदा नाव काढून पाहिलं होतं. लोक आले, चपलांचा ढीग झाला, शेजारच्या बाईंनी खुर्च्या आणून दिल्या. गोल करून बसताना सुभाषच्या डाव्या बाजूची जागा सगळ्यांनी मोकळी सोडली. कोणी ठरवून नाही, प्रत्येकाने आपापल्या मनाने. वैजूताईंची जागा. गाणं झालं, वचन वाचून झालं, पाळकसाहेब थोडंसं बोलले, आणि तेवढ्यात दारात गोजरामावशी उभ्या राहिल्या, मागे उज्वला. "बस चुकली," मावशी म्हणाल्या, आणि सरळ जाऊन खुर्चीत बसल्या. उज्वलाने सतरंजीवर नजर फिरवली. जागा एकच होती. लोकांनी प्रेमाने सोडलेली ती जागा आता तिच्याच वाट्याला आली होती. कोणी तरी सरकायला लागलं, पण गर्दी अशी की सरकून काही होईना. ती चप्पल काढून आली, सुभाषच्या डावीकडे, अंग चोरून, गुडघे पोटाशी घेऊन बसली. "साखळीने प्रार्थना करू या," पाळकसाहेब म्हणाले. "हात धरा."

त्याने डावा हात बाजूला केला. तिने आपला हात त्यात ठेवला, ठेवला म्हणजे नुसता टेकवला. खरखरीत हात होता, दिवसभर साबणाने धुऊन धुऊन कातडी सुटलेला. या हाताने केस विंचरले. या हाताने मेसेज टाकला. या हातात शेवटी वैजयंतीचा हात होता, आणि तो किती हलका झाला होता हे या जगात आता दोनच माणसांना माहीत होतं. एक तो, एक ही. प्रार्थना पलीकडून येत होती. कोणाच्या तरी मुलाची परीक्षा, कोणाचा गुडघा. रूपेशने मंडळीच्या छपराचं मागितलं आणि तो थांबला. पाळी सुभाषकडे आली. आता हात दाबायचा. एवढंच. पण दाबला तर पाळी तिच्यावर जाणार. त्याच्या घरात, त्याच्या बायकोच्या जागेवर बसून, मंडळीसमोर तिने बोलायचं. तिलाही ते कळलं होतं. सुभाषने हात दाबला नाही. कोणावर उपकार म्हणून नाही, त्याच्याने दाबवलाच नाही. शेजारी कुकरची शिट्टी झाली. कोणीतरी खाकरलं.

"प्रभू," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याला कोणा दुसऱ्याचा वाटला. "मला येत नाही. वैजू करायची." तो थांबला. कोणी हसलं नाही. "ही उज्वला आली आहे. तिला यायला जड गेलं असणार. मी तिला सगळ्यांच्या समोर बोललो होतो, म्हणून हे पण समोरच बोलतो. तिने मला फोन केला नाही. ते चुकलं तिचं. मला त्याचं फार लागलं. अजून लागतं." त्याला वाटलं आता पुढे शब्द येणार नाहीत, पण आले, एकेक. "पण मी नव्हतो तेव्हा ती होती. वैजू एकटी नव्हती. रात्रभर ड्यूटी करून ही तिच्यापाशी बसली होती. कोणीतरी होतं, याबद्दल तुझे उपकार मानतो. मी हे आजपर्यंत मानले नव्हते. तिच्याबद्दलचं मी सोडतो. उद्या परत येईल मनात, तर उद्या परत सोडतो. मला मदत कर." मग काय म्हणायचं ते त्याला आठवेना. आयुष्यभर तो दुसऱ्याच्या प्रार्थनेला आमेन म्हणत आला होता. स्वतःची कशी संपवायची हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"येशूच्या नावाने म्हण," खुर्चीतून मावशी हळूच म्हणाल्या.

"येशूच्या नावाने," सुभाष म्हणाला.

आमेन सगळ्यांनी म्हटलं. उज्वलाने पलीकडच्या बाईचा हात दाबला आणि पाळी पुढे गेली. पण सुभाषच्या हातातला तिचा हात आता टेकवलेला राहिला नव्हता. तिने तो घट्ट धरला होता, इतका की बोटं दुखली.

सभा संपल्यावर चहा झाला. उज्वला कप विसळायला बेसिनपाशी गेली. सुभाष दारात उभा राहिला. "राहू दे, मी करीन." "होतंय भाऊ." तिने नळ बंद केला, पदराला हात पुसले, आणि त्याच्याकडे वळून उभी राहिली. ती काय म्हणून उभी आहे हे दोघांनाही माहीत होतं. त्याने विचारायचा अवकाश होता. "घरी कशी जाशील?" त्याने विचारलं. "मावशींबरोबर." "पोचलीस की फोन कर." "करते," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुम्हालाच करते." आणि रडली. त्याला त्या वाक्याने कुठेतरी आत चिरल्यासारखं झालं, पण ती जखम जुनी नव्हती, आणि तिच्यातून साचलेलं काहीतरी बाहेर जात होतं.

आता उज्वला रविवारी चर्चला येते. अधूनमधून त्याचं बीपी बघून जाते, मिठाचा डबा उघडून बघून रागावते. श्रुतीशी त्याचं फोनवर नीट बोलणं होतं. प्रभूची प्रार्थना तो पूर्ण म्हणतो. कधी कधी त्या एका ओळीला आवाज बारीक होतो, पण म्हणतो. संध्याकाळी बातम्या झाल्या की तो टीव्ही बंद करतो आणि रिकाम्या घरात मोठ्याने प्रार्थना करतो. दोन-चार वाक्यं होतात. कुंदनचं मनगट, शिवाचं डोकं, खालच्या सोनवणेंची सून. वैजयंतीचं नाव घेतलं की मात्र पुढचं सुचत नाही, आणि तो तिथेच थांबून बसतो. काही दिवशी तेवढीच प्रार्थना होते. दुखणं गेलेलं नाही. आधी ते त्याच्या अंगावर बसलेलं असायचं, आता शेजारी बसतं. उज्वला घरी आली की निघायच्या वेळी दाराशी जरा रेंगाळते, चप्पल घालायला लागतो त्याहून जास्त वेळ घेते. सुभाषला कळतं. तो लिफ्ट आली का ते पाहतो, पावसाळ्याआधी गळती काढायची आहे म्हणून सांगतो. वैजयंती शेवटी काय म्हणाली, ते त्याने तिला अजून विचारलेलं नाही.